बे दुणे चारच्या आधी पोरांच्या हातात फासा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्नेहसंमेलनांचा सीझन आला की तुमच्या पेपरात आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर वर्षी तोच फोटो येतो, सिनिअर केजीतलं एखादं पोरगं माइकसमोर उभं आणि खाली लिहिलेलं की अवघ्या पाच वर्षांच्या बाळाला तीसपर्यंत पाढे तोंडपाठ, आईवडिलांचं अभिनंदन, टीचरचं अभिनंदन. माझंही अभिनंदन घ्या, एवढुशा जिवाने एवढं पाठ केलं त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली आणि त्यामुळे तो फोटो बघितला की मनात येतं, स्टेजवरून खाली उतरल्यावर त्या बाळाला कुणीतरी एवढंच विचारावं की तुझ्याकडे सहा बोरं आहेत, ताईकडे पण सहा, तर दोघांची मिळून किती झाली? बरीच मुलं बोटं उघडून एकपासून मोजायला लागतात. काही हुशार असतात ती मनातल्या मनात बे एके बे पासून निघतात आणि बे सक बाराला येऊन थांबतात. आणि काहींना तर बे सक बाराचा आणि त्या बोरांचा एकमेकांशी काही संबंध आहे हेच माहीत नसतं, पाढा ही त्यांच्या दृष्टीने एक कविता असते आणि ती छान चालीवर म्हणून झाली की संपली.

म्हणून हे पत्र, जरा मोठं झालंय, जागा नसेल तर कापा, पण एवढा मुद्दा ठेवा की पाच ते सात वर्षांच्या मुलांना दुप्पट शिकवायची असेल तर ती आधी डोळ्यांना दिसली पाहिजे, हाताने करता आली पाहिजे, पाढा त्याच्या मागून येऊ दे. आणि हे करायला फाशाइतकी सोपी आणि स्वस्त वस्तू मला तरी माहीत नाही.

घरात लुडोचा फासा असेल तर आत्ता हातात घेऊन बघा. दोनाच्या बाजूवर एक-एक ठिपका समोरासमोर. चाराच्या बाजूवर दोन-दोनच्या दोन ओळी. सहाच्या बाजूवर तीन-तीनच्या दोन ओळी. म्हणजे सम संख्येच्या बाजूवर दुप्पट आधीच मांडून ठेवलेली आहे, फक्त आपण कधी मुलाला दाखवत नाही. आणि एक, तीन, पाच या बाजूंवर बरोबर मध्ये एक एकटा ठिपका बसलेला असतो ज्याला जोडीदार नाही, बाकीच्यांना आहे. सम-विषम म्हणजे काय हे फळ्यावर व्याख्या लिहून शिकवायला आम्हाला आठवडा लागायचा, ते फाशावर एका मिनिटात मुलाला स्वतःलाच दिसतं, "बाई हा मधला एकटाच आहे". आपल्या डोळ्यांना तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत कळतात, त्याच्या पुढे गेलं की आपण गट करून बघतो, सहा ठिपके कुणी सहा म्हणून बघत नाही, तीन आणि तीन म्हणूनच बघतो, मोठी माणसंसुद्धा. फाशाची मांडणी याच्यासाठीच इतकी कामाची आहे. वर्कशीटवर विखुरलेली सहा सफरचंदं दिली तर मुलगा एकेक बोट ठेवूनच मोजणार ना.

आता कुणी म्हणेल की दुप्पट-दुप्पट काय एवढं लावलंय, बेरीज शिकली की दुप्पट आपोआप येईल. मला उलटं वाटतं. मुलांना ज्या बेरजा सगळ्यात आधी पक्क्या होतात त्या जोडीच्याच असतात, पाच आणि पाच दहा तर दोन हातांमुळेच येतं, मग दोन आणि दोन, तीन आणि तीन. त्या पक्क्या झाल्या की शेजारच्या बेरजा फुकटात मिळतात. सहा अधिक सात विचारलं तर जोडी येणारा मुलगा म्हणतो सहा-सहा बारा आणि एक तेरा, तो बोटांकडे बघत पण नाही. आठ अधिक सात, सात-सात चौदा आणि एक. दुसरीत हातच्याच्या बेरजेला जी मुलं अडतात ती हातच्याला कमी आणि आठ अधिक सातलाच जास्त अडतात, तिथे बोटं संपतात आणि पायाची बोटं मोज्यात असतात. पुढे दुपटीची दुप्पट म्हणजे चारचा पाढा, त्याची दुप्पट आठचा, आणि उलटं आलं की निम्मं. एवढं सगळं एका गोष्टीवर उभं असताना आपण ती गोष्ट पाठांतरावर सोडून देतो हे काही पटत नाही.

तर खेळ कसा खेळायचा ते सांगते कारण नुसतं "खेळातून शिकवा" म्हणणारे खूप झाले, ट्रेनिंगमध्ये पण तेच वाक्य आणि भाषणात पण तेच.

सगळ्यात सोपा खेळ म्हणजे कागदावर सहा घरं काढायची आणि त्यात २, ४, ६, ८, १०, १२ लिहायचं, प्रत्येकाचा वेगळा कागद. एक फासा. पाळी आली की फासा टाकायचा, जितके ठिपके पडले त्याची दुप्पट मोठ्याने सांगायची आणि त्या घरात चिंचोका ठेवायचा. चार पडले, "चार आणि चार आठ", आठवर चिंचोका. ज्याची सगळी घरं आधी भरतील तो जिंकला. यातली गंमत अशी की सहाच्या सहा घरं भरायला सरासरी पंधराएक वेळा फासा टाकावा लागतो, शेवटचं एक घर तर भरता भरत नाही, मुलं फाशाला नमस्कार करतात, फुंकर मारतात, आणि त्या नादात एका डावात पंधरा-पंधरा दुपटी होऊन जातात. तेच पंधरा प्रश्न वहीत लिहून दिले असते तर चौथ्यालाच पेन्सिलीला टोक करायला उठलं असतं पोरगं.

सुरुवातीला चार आणि चार म्हणजे किती हे येत नसेल तर सांगायचं नाही, दुसरा फासा घेऊन तो पण चारावर ठेवायचा आणि शेजारी लावायचा. बास. मुलगा मोजेल, मोजू दे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तो पहिला फासा मोजणार नाही, "चार" म्हणेल आणि पुढे पाच, सहा, सात, आठ मोजेल, ही फार मोठी पायरी आहे, बाहेरून बघणाऱ्याला कळत पण नाही इतकी छोटी दिसते. नंतर कधीतरी मोजणंच बंद होतं. दुसरा फासा नसला तर छोटा आरसा फाशाच्या मागे उभा करा, फाशाच्या वरच्या बाजूचे ठिपके आरशात डबल दिसतात, मुलांना हे इतकं आवडतं की मग घरातली प्रत्येक वस्तू आरशासमोर नेऊन डबल करून बघतात, चमचे, बिस्किटं, धाकटी बहीण.

दुसरा खेळ पट्टीचा. पुठ्ठ्यावर १ ते ५० आकड्यांची सरळ पट्टी काढायची, बाहेर शून्यावर सोंगट्या ठेवायच्या, फासा टाकायचा आणि दुप्पट घरं पुढे जायचं. तीन पडले तर सहा घरं. दोन-चार डाव झाले की एखादं मूल म्हणतंच की बाई मी कधी सातवर गेलोच नाही, नववर पण नाही. मग सगळी बघायला लागतात की अरे खरंच, सगळे जण २, ४, १०, १६ असेच बसतायत, विषम घरावर कुणीच नाही. का बरं? हा "का बरं" त्यांनीच विचारला पाहिजे, आपण आधी सांगून त्याची वाट लावायची नाही, कितीही जिभेवर आलं तरी. मी बघितलंय की काही मुलं मुद्दाम विषम घरावर जायचा प्रयत्न करतात, फासे बदलून बघतात, दुसऱ्या हाताने टाकतात. सहा वर्षांच्या पोराने स्वतःच्या हाताने एक नियम शोधलाय आणि तो मोडतो का ते तपासून बघतोय, याच्याहून जास्त गणित त्या वयात काय असतं मला सांगा. सापशिडीवर मात्र हे दिसणार नाही हां, शिडी मध्येच विषम घरावर नेऊन सोडते.

तिसरा, वाटीखालचा फासा. मोठ्या माणसाने वाटीखाली फासा झाकायचा, गुपचूप बघायचं आणि फक्त दुप्पट सांगायची, "माझ्याकडे दहा झालेत, फाशावर काय आहे?" हा निम्म्याचा खेळ आहे आणि मुलांना सोपा जात नाही, पहिल्या खेळात पटापट बोलणारी इथे गप्प होतात. घाई करू नका. मग मुलाला फासा झाकू द्या आणि तुम्ही ओळखा, आणि अधूनमधून मुद्दाम "अकरा झालेत" असं म्हणून बघा, ज्याला कळलंय ते मूल ओरडतं की अकरा होऊच शकत नाहीत. ज्याला नाही कळलं ते विचारात पडतं, तेही चांगलंच.

एका फाशावर सहाच्या पुढे जाता येत नाही, सात-आठ-नऊच्या दुपटीचं काय? दहा बाजूंचे फासे शहरात मिळतात, गावात कोण देणार. म्हणून दोन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि मग दुप्पट. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांमध्ये सात ही बेरीज सगळ्यात जास्त, सहा वेळा येते, म्हणजे सात-सात चौदा हे आपोआप घोटून होतं. आणि इथे मुलं एक भारी युक्ती काढतात. पाच आणि दोन पडले तर सात करतच नाहीत, पाच-पाच दहा, दोन-दोन चार, चौदा. कुणी शिकवलेलं नसतं. दुसरीच्या शेवटी सोळाची दुप्पट करताना दहा-दहा वीस आणि सहा-सहा बारा, बत्तीस, हे तेच आहे फक्त मोठं झालंय.

नुसती जोडी पडली की ओरडायचं, टाळी द्यायची असाही खेळ खेळतात दोन फाशांवर, तो मजेचा आहे पण जोडी सहातून एकदाच पडते त्यामुळे सराव कमी होतो, लहानांना कंटाळा येतो. मी तो मध्ये विरंगुळा म्हणून ठेवायचे.

आता यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर फासा नव्हे, मुलाने उत्तर दिल्यावर मोठ्या माणसाने विचारलेलं "तुला कसं कळलं रे?" हे महत्त्वाचं. बरोबर उत्तराला पण विचारायचं. एरवी आपण चुकलं तरच विचारतो, त्यामुळे "कसं कळलं" म्हटलं की पोरं लगेच उत्तर बदलतात, इतकी घाबरलेली असतात. सहा-सहा बारा कसे कळले? एक म्हणेल मोजले, एक म्हणेल पाच-पाच दहा आणि वरचे दोन, एक म्हणेल अंड्यांचा ट्रे डोळ्यासमोर आला. मग बाकीची मुलं ऐकतात आणि पुढच्या पाळीला दुसऱ्याची युक्ती ढापतात. ढापू द्या, वर्गात कॉपी चालेल अशी ही एकच जागा.

पालक सांगतात की आमचा मोबाईलवर लुडो खेळतो की, त्यात पण फासाच आहे. आहे ना, पण त्यात फासा स्क्रीन टाकतं आणि सोंगटी पण स्क्रीनच सरकवतं. पोरगं फक्त बोट लावतं. पाच पडले की सोंगटी टुणटुण करत आपोआप पाच घरं जाते, मोजलं कोणी? मोबाईलने. लॉकडाऊनमध्ये घरोघरी तो लुडो चालला, सगळं कुटुंब एकत्र आलं वगैरे ठीक आहे, पण मुलाच्या गणिताला त्याचा उपयोग शून्य. पटावर हाताने सोंगटी नेताना मूल आपण उभं असलेलंच घर एक म्हणून मोजतं, चुकतं, भांडतं, समोरचा सांगतो अरे पुढच्या घरापासून मोज. ते भांडणच शिकवतं.

हे मी माझ्या मनाचंच सांगत नाहीये. मुलीने मला दोन अभ्यास वाचून दाखवले आणि समजावून सांगितले ते इथे सांगते कारण दोन्ही मिळून फार कामाचं सांगतात. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ साली गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांची सरळ पट्टी दिली, भिंगरी फिरवायची, १ किंवा २ जे येईल तितकी घरं आकडे मोठ्याने म्हणत पुढे जायचं. दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. त्या मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली आणि नऊ आठवड्यांनी बघितलं तेव्हाही टिकून होती. पण दुसऱ्या गटाला तोच खेळ आकड्यांच्या जागी रंग देऊन खेळवला, त्यांच्यात तसा काही फरक पडला नाही. म्हणजे नुसतं खेळणं पुरत नाही, आकडा दिसला पाहिजे आणि तोंडातून निघाला पाहिजे.

दुसरा अभ्यास आपल्या दिल्लीतला. एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेच्या बालवाड्यांतल्या मुलांना काही महिने गणिताचे खेळ खेळवले, कुठे जास्त ठिपके, कुठली आकृती वेगळी असे. २०१७ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात तो छापून आला. मुलांची अंदाजाची, नजरेची समज वाढली आणि वर्षभरानंतर सुद्धा टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात, म्हणजे लिहिलेल्या आकड्यांच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. हे वाचून काही लोक म्हणतील बघा, खेळ-बीळ काही कामाचे नाहीत, पाढेच घ्या. मी तसा अर्थ काढत नाही. माझ्या मते खेळ एका खोलीत आणि वही दुसऱ्या खोलीत राहिली, मधलं दार कुणी उघडलं नाही. म्हणूनच वर जो चिंचोक्यांचा खेळ सांगितला त्यात फाशावर ठिपके आहेत, तोंडात "चार आणि चार आठ" आहे आणि कागदावर ८ हा आकडा आहे, तिन्ही एकाच पाळीत. थोड्या दिवसांनी ठिपक्यांच्या फाशाऐवजी आकडे लिहिलेला फासा द्यायचा, आणि डाव संपला की कुणाला काय पडलं ते वहीत ४ + ४ = ८ असं लिहून ठेवायला सांगायचं, स्कोअर म्हणून, अभ्यास म्हणून नाही. क्रिकेटचा स्कोअर लिहिताना कुठलं मूल कंटाळतं?

याचीच दुसरी बाजू बाजारात दिसते. २०२५ मध्ये 'नेचर' या तशाच नियतकालिकात आलंय, अभिजित बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्याच मंडळींचं काम आहे, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी-बिजी विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी बरोबर करतात पण तेच शाळेतल्यासारखं कागदावर दिलं की अडतात, आणि शाळेतल्या मुलांचं बरोबर उलटं. आमच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या मुलांबद्दल हे आम्हा शिक्षकांना कधीचं माहीत होतं, फक्त नेचरला कळवायचं राहिलं.

आपल्याकडे हे खेळ काही परके नाहीत. आमच्या लहानपणी चार कवड्यांवर पट खेळायचो, चारही उताण्या पडल्या तर चार आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, म्हणजे त्याच चार कवड्या उलट्या झाल्या की डबल, आणि वर पुन्हा एक डाव. सारीपाटाला चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन ओळी आठ-आठ घरांच्या, चोवीस चोक शहाण्णव घरं आणि सोळा सोंगट्या, आजी हे सगळं न लिहिता सांगायची. आणि तिची नाणी! आणा, दोन आण्यांची चवली, दोन चवल्यांची पावली, दोन पावल्यांची अधेली, दोन अधेल्यांचा रुपया. एक, दोन, चार, आठ, सोळा. धान्य पण तसंच, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. १९५७ ला नवे पैसे आले, मग किलो आले, ते सोयीचंच झालं, मला काही ते आणे परत नकोत. पण त्या काळच्या बायकांना दुप्पट आणि निम्मं वेगळं शिकावं लागत नव्हतं, दिवसभर हातातून जात होतं. आता पोराच्या हातातून काहीच जात नाही, पैसे पण स्कॅन करून जातात. तेव्हा ते हातात कुठून तरी आणून द्यावं लागणार.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मला खूप घरांत ऐकायला मिळाली, ती म्हणजे घरात फासे नकोत. महाभारत झालं ते फाशांमुळे, पोरांना जुगाराची सवय लागेल. आजोबा मंडळी फार ठाम असतात यावर. मी त्यांना सांगायचे की शकुनीचं लक्ष पैजेवर होतं, बेरजेवर नव्हतं. आणि आपला खंडोबा म्हाळसेशी सारीपाटाचा डाव हरला आणि बाणाईकडे गेला ही गोष्ट तर जागरणात गातात, देवाच्या घरी पट चालतो मग आपल्याला काय झालं? (म्हाळसेला काय वाटलं हा विषय वेगळा.) पैज लावायची नाही, चिंचोके डाव संपला की डब्यात परत, एवढा नियम केला की बहुतेक आजोबा स्वतःच खेळायला बसतात आणि मग उठत नाहीत. उलट आजोबा-आजींनीच हा खेळ घ्यावा असं माझं मत आहे, आईबाबांना वेळ नसतो आणि त्यांना जिंकायची घाई असते.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मात्र छोटे फासे आणि चिंचोके उघड्यावर ठेवू नका, तोंडात घालतात, घशात अडकतं.

शाळेचं म्हणाल तर साहित्य नाही ही तक्रार आता पूर्वीसारखी करता येणार नाही. केंद्र सरकारची निपुण भारत योजना २०२१ पासून चालू आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि बेरीज-वजाबाकी करता आलीच पाहिजे असं त्यात २०२६-२७ चं टार्गेट आहे, २०२३ मध्ये दिल्लीहून जादुई पिटारा म्हणजे खेळातून शिकायच्या साहित्याची पेटी आली, शाळांत गणिताच्या पेट्या आल्या. पण कितीतरी ठिकाणी पेटी कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, कारण हरवलं तर भरून कोण देणार, तपासणीला आले तर मोजून दाखवावं लागतं. अहो फासा हरवणारच. खेळायचा फासा सहा महिने हरवला नाही तर समजा की तो बाहेर निघालाच नाही. साहित्य वापरून झिजलं आणि हरवलं तर शिक्षकाला कुणी विचारू नये एवढं एक पत्रक निघालं तर नवीन पेटीची गरज नाही. आणि गलका होतो हे खरंय, फरशीवर चाळीस फासे एकदम पडले की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येतात. सतरंजी टाका, किंवा फासा झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून हलवा, आवाज कमी आणि फासा कोपऱ्यात पळत पण नाही.

पाढ्यांवर मी उठले नाहीये हे परत सांगते नाहीतर उद्या लोक पत्र लिहितील. संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हणण्यात जे सुख आहे ते आहेच, आणि पाढे पाठ असले पाहिजेत, तिसरी-चौथीत भागाकार आला की पाठ नसणाऱ्याचे हाल होतात. पण ज्या मुलाने फाशावर दुपटी केल्यात त्याला बेचा पाढा दोन दिवसांत येतो कारण त्यातलं सगळं त्याच्या ओळखीचं असतं, बे साती चौदा म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर पाच-पाच आणि दोन-दोन येतात. तोच पाढा साडेतीन वर्षांच्या नर्सरीतल्या मुलाकडून सहा महिने घोटून घेण्यात कुणाचा काय फायदा, फोटो सोडला तर.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांचं पान असतं, शब्दकोडं, ठिपके जोडा, चित्र रंगवा. तिथे महिन्यातून एकदा कापून घडी घालून करायचा फासा छापा. घन उलगडला तर तो अकरा वेगवेगळ्या आकारांत उलगडतो, दर महिन्याला वेगळा आकार छापलात तर जवळजवळ वर्षभर पुरेल आणि मोठ्या मुलांना पण घडी घालून बघायचं काम मिळेल. पेपरचा कागद पातळ असतो, तेव्हा खाली एक ओळ टाका की जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवून मग कापा, त्या प्रत्येक घरात ढिगाने पडलेल्या असतात. ठिपके चित्रकाराला मनाप्रमाणे काढू देऊ नका, फुलं-बदामं नकोत, साधे काळे ठिपके, सहाचे तीन-तीन, पाचाचा एक बरोबर मध्ये, आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात. मोहेंजोदडोला सापडलेल्या फाशांवर एकासमोर दोन, तिनासमोर चार आणि पाचासमोर सहा होते म्हणे, तो पण एकदा छापा, मुलं फरक शोधतील. शेजारी २ ते १२ ची सहा घरं आणि १ ते ५० ची पट्टी, आकडे मोठे. आणि सूचना मुलांसाठी नको, मोठ्यांसाठी लिहा, दोनच ओळी पुरतात: उत्तर सांगू नका, आणि बरोबर आलं तरी कसं कळलं ते विचारा.

गावात तुमचा पेपर चावडीवर आणि दोन हॉटेलांत येतो, ते पान कोण आधी फाडून नेतो याच्यावरून भांडणं झाली तर जबाबदारी माझी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. कराड, जि. सातारा